वहिनीचं ‘नाही’

माझ्या वहिनीला दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा कुठला शब्द बोलावा लागायचा म्हणाल, तर ‘नाही’. बाई हट्टी नाही, भांडकुदळ तर मुळीच नाही. दादा विचारायचा, ‘अगं, हलतंय का?’ आणि ती म्हणायची, ‘नाही.’ कधी फरशी, कधी भिंत, कधी समोरचं जेवणाचं ताटसुद्धा. तो ‘बरं’ म्हणायचा आणि कामाला लागायचा. एवढ्यावर आमचं घर चाललं होतं.

दादा फरश्या बसवतो. कामावर त्याला ओळंबा म्हणतात. भिंत तिरकी असली तर ओळंब्याची दोरी सोडायच्या आधी याचा डोळा सांगायचा, म्हणून ते नाव पडलं. आता कोणी त्या नावानं हाक मारली की वहिनी उगाच पदर सारखा करत बसते.

हे सुरू झालं तेव्हा एका मोठ्या घराचं काम संपलं होतं आणि सगळी मंडळी गच्चीवर जमली होती. तिथल्या वायरमननं दादाला कागदाचा एक तुकडा दिला, नखाएवढा. जिभेवर ठेव, मजा येते म्हणाला. दादानं ठेवला. बराच वेळ काहीच होईना, तेव्हा आमच्या शहाण्यानं दुसरा मागून घेतला. मग दोन्ही मिळून चढले. तो वायरमन पुढे कुठे गेला कोण जाणे. भेटला तर मला त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत, आणि ते चांगले नसतील.

कोणीतरी फोन केला म्हणून वहिनी धावत गेली. भर दुपारी दादा गच्चीवर पालथा पडून दोन्ही हातांनी जमीन धरून होता, गच्ची कलंडेल म्हणून. शर्ट घामानं भिजलेला, अंगाला कापरं, जबडा असा आवळलेला की पाणी पाजता येईना. पाठीवर हात ठेवला तरी छातीतली धडधड लागत होती. एवढ्या उन्हात डोळ्यांतल्या बाहुल्या अशा पसरल्या होत्या की डोळा नुसता काळा दिसत होता. मध्येच तो हसायचा, कारण खालून येणाऱ्या हातोडीच्या आवाजाला म्हणे रंग होता. मग रडायचा. घडीघडीला विचारायचा, मला इथे येऊन किती वर्षं झाली? वहिनी त्याचा हात धरून बसून राहिली. संध्याकाळी दोघातिघांनी उचलून घरी आणला, आणि सकाळी उठला तो शरीरानं ताळ्यावर आलेला. सुटलो बाई, असं मी तेव्हा म्हटलं होतं.

सुटलो कसले. कामावर गेला तर दोन फरश्यांमधला सांधा त्याला सरकताना दिसू लागला. हात फिरवला की मागून आणखी हात यायचे. पांढऱ्या भिंतीवर सगळीकडे बारीक ठिपक्यांची वळवळ चाललेली. काही दिवसांनी जाईल म्हणून वाट बघितली, पण ते गेलं नाही.

वहिनीनं त्याला डॉक्टरबाईंकडे नेलं, मीही बरोबर होते. बाईंनी घाई न करता समजावलं. डोळ्यांनी आणलेलं सगळं मेंदू आपल्याला जसंच्या तसं दाखवत नाही, चाळून आणि जुळवून दाखवतो. मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन असतं. कागदातलं औषध त्याच्या जागेवर जाऊन बसतं. मग चाळणी बिघडते, आवाजाला रंग येतात, वेळ लांबत जातो. औषध उतरलं की बहुतेकांचं सगळं पूर्ववत होतं. थोड्या जणांचं दिसणं मात्र बिघडलेलंच राहतं. का, ते अजून नीट कळलेलं नाही, आणि हमखास इलाजही नाही. झोप मोडली, दमणूक झाली, काळजी वाढली की त्रास वाढतो.

‘हे खोटं आहे हे तुम्हाला कळतंय, ही मोठी गोष्ट आहे,’ बाई म्हणाल्या. ‘हे वेड नव्हे. शंका आली की जवळच्या माणसाला विचारत जा.’

जवळचं माणूस कोण, ते कोणी सांगायची गरज नव्हती.

वहिनी तोवर माझ्याबरोबर घरी शिलाई करायची. ती मशीन सोडून दादाबरोबर जाऊ लागली. सिमेंटचा माल कालवायचा, बादल्या धुवायच्या, सांधे भरायचे आणि ‘नाही’ म्हणायचं. सुरुवातीला ती दर वेळी उठून, वाकून, डोळ्यात तेल घालून बघायची. पण सांधे काय एक-दोन असतात? कंबर बोलायला लागली. शिवाय बसवलेली फरशी हलते कधी? मग ती बसल्या जागेवरून बघून सांगू लागली, आणि पुढे पुढे न बघताच.

‘त्यांना उत्तर लागतं वन्सं, बघणं नाही,’ असं ती मला एकदा म्हणाली. घरी आली की चपला पायानंच उडवायची, वाकवत नसे. कागद जिभेवर ठेवला त्यानं, आणि अंग मोडलं हिचं. मला याचा फार राग यायचा, पण तो कोणावर काढायचा हे कळायचं नाही.

दादाच्या डोळ्यांची गोष्ट बाहेर फुटली होती आणि बोलावणारे कमी झाले होते. गेल्या महिन्यात एका ठेकेदारानं एका बाथरूमचं काम दिलं. हे नीट झालं तर अख्खी इमारत तुझी, बिघडलं तर पुन्हा विचारू नकोस, असं बजावून दिलं. वर्षभराच्या कामाची सोय होती. वहिनीनं मला डोळे मिटून हिशेब सांगितला होता, पैशांचा नव्हे, विश्रांतीचा. एवढं काम हाती आलं की हाताखाली एक बाई ठेवायची आणि आपण खुर्ची घेऊन बसायचं.

त्या दिवशी मी डबा घेऊन गेले होते. भिंतीला टाइल लावताना खालच्या ओळीखाली लाकडी पट्टी ठोकतात, माल सुकेपर्यंत तिनं वजन पेलायचं असतं. दादा तिसरी ओळ लावता लावता थांबला.

‘अगं, ही खाली येतेय का?’

वहिनी पाठमोरी बादली घासत होती. ‘नाही.’

‘बरं.’

आणखी एक ओळ चढली. त्यानं पुन्हा विचारलं. ‘नाही हो,’ ती म्हणाली, आवाजात नुसता शीण.

पट्टीचा खिळा सुटत आला होता, हे मागाहून कळलं. आम्ही बाहेरच्या खोलीत जेवायला बसलो, तिथून ती भिंत समोर दिसत होती. पट्टी एका टोकानं खाली गेली आणि तिच्यामागून चारही ओळी ओल्या मालावरून सावकाश घसरल्या. मग फुटल्याचा आवाज झाला. दादा घास हातात धरून बघत राहिला. वहिनीकडे वळला.

‘पडलं का?’

वहिनीचे ओठ ‘नाही’साठीच उघडले होते, मी बघितलं. मग म्हणाली, ‘हो. पडलं.’

‘खरंच?’

‘खरंच. तुम्हाला दिसलं तेच झालं.’

दादा हसायला लागला. कितीतरी दिवसांत तो असा हसला नव्हता. म्हणजे मला मघाशी बरोबर दिसलं होतं, म्हणाला, आणि कोपरानं डोळे पुसले. काम हातचं गेलं आणि हा खुशीत. वहिनी तुकडे गोळा करत होती. वाकून.

इमारत दुसऱ्याला मिळाली. दादा आता विचारत नाही. शंका आली की डोळे मिटतो आणि फरशीवर तळहात ठेवतो, हाताला कळतं म्हणतो. सांधे अजून सरकतात, पण त्यांच्याकडे तो फारसं लक्ष देत नाही. किरकोळ कामं मिळतात. तू घरी बस, दमलीस, असं तोच वहिनीला म्हणाला. ती पुन्हा मशीनवर आली, आणि मला वाटलं, चला, बाईची सुटका झाली.

परवा संध्याकाळी आम्ही दोघी वाटाणे सोलत होतो. दादा कामावरून आला आणि दारातच थांबला, समोरच्या भिंतीकडे बघत. बोलला काहीच नाही. वहिनीनं मान वर केली नाही. तिचे हात चाललेच होते.

‘नाही,’ ती म्हणाली.

दादा तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता म्हणेल, मी कुठे काय विचारलं?

‘बरं,’ तो म्हणाला, आणि हातपाय धुवायला आत गेला.