जर-तरचा प्रश्न

झाडांविषयीच्या प्रश्नोत्तरांचा एक गट मी इंटरनेटवर सांभाळतो. तिथला नियम माझाच आहे: जर-तरचे प्रश्न विचारू नयेत. अशा प्रश्नांना उत्तरं येत नाहीत, नुसते अंदाज येतात, आणि मग त्यावरची भांडणं मलाच सोडवावी लागतात. कंटाळा आलाय त्याचा.

आज एका बाईंनी विचारलं, "अंगणातला आंबा तोडला नसता, तर यंदा मोहरला असता का?" सोबत उरलेल्या खुंटाचा फोटो होता आणि खुंटाशेजारी पाण्याचा तांब्या. सवयीने मी प्रश्न बंद केला. पण तो तांब्या काही डोळ्यांसमोरून हलेना. तोडलेल्या झाडाला कोण पाणी घालतं?

दुपारच्या चहाला बायको खिडकीशी उभी होती. बाहेर जिथे आमची गाडी असते, तिथे पूर्वी शेवगा होता. गाडीला जागा हवी म्हणून मीच तो तोडायला लावला.

"अहो, ठेवला असता तर आत्ता शेंगा लागल्या असत्या, नाही?" ती म्हणाली.

"लागल्या असत्या," मी म्हणालो. "इथूनच हात बाहेर काढून तोडल्या असत्यास तू."