नामपूरला कावळा लगेच शिवला

मी स्वतःहून प्रवासाला निघालो, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मला घरातून काढलं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये उभा जन्म काढून निवृत्त झालो, त्याला दीड वर्ष होत आलं. आधी कपाटं आवरली. मग कुंड्यांना इतकं पाणी घातलं की झाडं सडली. गेल्या आठवड्यात बायकोच्या मसाल्याच्या डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. सुनंदाने त्या पाहिल्या, गॅस बारीक केला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, चार दिवस कुठंतरी जा. कुठंही जा."

माझ्या ओळखीत निवृत्तीनंतरही गडबडीत असलेला एकच माणूस आहे, तो म्हणजे आप्पा. आमच्याच शिफ्टला बॉयलरवर होता, मूळचा बागलाणातल्या नामपूरचा, आता गावी जाऊन राहिलाय. कधीही फोन करा, "जोशी, घाईत आहे, मागून बोलू." हे सुख त्याला कुठून मिळालं ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. जमलं तर तिथंच एखादी खोली घेऊन राहावं, असंही मनात होतं. सुनंदाला ते बोललो नव्हतो.

नाशिकरोडहून बस स्टँड गाठणार असाल तर वाटेतल्या द्वारका चौकासाठी वेगळा वेळ धरा. आम्ही चौकात असे अडकलो की रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. "काका, घाई आहे का काही?" "नाही." "मग काय, बसा निवांत." हल्ली मला सगळेच निवांत बसायला सांगतात, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

सटाण्याच्या बसमध्ये कंडक्टरने विचारण्याआधीच आधार कार्डासाठी हात पुढे केला. अर्ध्या तिकिटाचं वय अजून झालेलं नाही, असं मी सांगितलं. "वाटत नाही हो," म्हणून त्याने पूर्ण तिकीट फाडलं. पिंपळगाव, सोग्रस फाटा, भावडबारीचा घाट, देवळा, सटाणा असा रस्ता. रस्ता बरा आहे, गचके मात्र मागच्या सीटला जास्त, तेव्हा पुढे बसा. सटाण्याला उतरून वडापाव खाल्ला. तेल बहुधा माझ्याबरोबरच नोकरीला लागलेलं असावं. नामपूरला जायला तिथून जीप मिळते, ती भरेपर्यंत हलत नाही.

नामपुरात शिरताना कांद्याचे ट्रॅक्टर रांगेने उभे होते आणि हवेत कांद्याचाच वास. आप्पा स्कूटर घेऊन फाट्यावर आला. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, आणि चेहऱ्यावर तेज. मला हेवा वाटला. रात्री बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा. जेवताना त्याला तीन फोन आले.

"एवढं काय करतोस रे?"

"दहावे," आप्पा म्हणाला. "उद्या इथलाच आहे, परवा ताहाराबाद. श्रद्धांजलीला मीच लागतो लोकांना. रिटायर माणसाला दोनच धंदे, जोशी. नाहीतर स्वतःच्या मरणाची वाट बघत बसायचं, नाहीतर दुसऱ्याच्या मरणाला जायचं."

मी हसलो. तो हसला नाही.

आमच्याकडे दहावा म्हणजे घरचे, गुरुजी आणि घाट. इकडे माईक असतो. सकाळी मोसम नदीच्या काठी मांडव घातलेला, खुर्च्या, पाण्याचे जार आणि निम्मं गाव. दहावा एका निवृत्त मास्तरांचा होता. आप्पाने मला स्कूटरवरच माहिती पुरवली. दोन्ही मुली चांगल्या घरी दिल्या, मुलाला नोकरी, बंगला बांधून झाला, काशी झाली. मग मास्तर बंगल्याच्या ओट्यावर बसले, ते गेलेच.

पिंड ठेवले. लोक मागे सरकायच्या आत कावळा आला आणि शिवला. एरवी तासन्तास ताटकळावं लागतं. माणसाची काय इच्छा राहिली असेल ते आठवून घरचे हात जोडतात, हे करू, ते करू, म्हणून वचनं देतात. इथं कुणाला तोंडही उघडावं लागलं नाही. "लय पुण्यवान माणूस," माझ्या शेजारचे म्हातारे म्हणाले. "काहीच राह्यलं नाय बघा त्यांचं."

आप्पाने माईक घेतला आणि साखरच पेरली. कृतार्थ जीवन, तृप्त आत्मा, कावळ्यानेसुद्धा पावती दिली. आणि मग एकदम, "आता नाशिकहून खास आलेले जोशी साहेब दोन शब्द बोलतील." नाशिकचे जोशी म्हटल्यावर शेजारच्या म्हाताऱ्यांनी मला घाटावरचा गुरुजी समजून हातच जोडले. मी जन्मात दर्भ हातात धरलेला नाही.

पण मी बोललो. ज्यांचा चेहराही मी पाहिला नव्हता त्या मास्तरांवर बोललो. समाधान कसं असावं हे त्यांच्याकडून शिकावं, असं म्हणालो. समोर दोघांनी डोळे पुसले. खाली बसलो तेव्हा, खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला होता. दीड वर्षात पहिल्यांदाच चार माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. आप्पाने पाठीवर थाप मारली. "ये इकडंच राहायला. खोली बघतो. दोघं मिळून फिरू."

मी जवळजवळ हो म्हणालो होतो.

जेवणानंतर घरच्यांना भेटायला बंगल्यावर गेलो. मास्तरांची बायको आतल्या दाराशी बसली होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "ताई, भाग्यवान होते. कावळा लगेच शिवला."

तिने मान वर केली. "उना ना कावया पटकन. त्यास्ले काही नकोच व्हतं, भाऊ. रिटायर झाले तवापासून. जेवाले काय करू, इचारं का म्हनेत, काहीबी कर. सन राहो, वार राहो, काहीबी कर." मग म्हणाली, "मी काय कबूल करू मंग कावयाजवळ?"

मघाशी त्याच गोष्टीचं मी माईकवर कौतुक करून आलो होतो.

परतताना स्कूटरवर आप्पाला विचारलं, "मास्तर तुझे मित्र होते का?"

"शेजारी. जाता-येता दिसायचे ओट्यावर. हाक मारायचे."

"थांबायचास?"

"वेळ कुठं असतो रे," आप्पा म्हणाला आणि फोन वाजला म्हणून त्याने गाडी बाजूला घेतली.

खोलीचा विषय मी काढला नाही, त्यानेही काढला नाही. दुसऱ्या दिवशी तो ताहाराबादला निघाला, मी सटाण्याच्या जीपमध्ये बसलो. नामपूरला जावं का, असं कुणी विचारलं तर मी जा म्हणेन. भरीत उत्तम, माणसं अगत्याची. फक्त कुणी माईक पुढे केला तर घेऊ नका. भावडबारी उतरताना खिडकीतून बघत मी स्वतःलाच विचारत होतो की बाबा रे, तुझं काय राहिलंय? घाट संपला, पिंपळगाव आलं, तरी काही आठवेना. भीती वाटली, खरंच वाटली.

सुनंदाने दार उघडलं. डब्यांवरच्या चिठ्ठ्या तिने काढून टाकल्या होत्या. "एवढ्यात आलात?" म्हणाली, पण पाण्याचा तांब्या लगेच आणला. "जेवायला काय करू?"

"काहीही कर," मी म्हणालो.

आणि माझंच मला ऐकू आलं. "थांब, थांब," मी म्हणालो आणि चपला न काढता तिथंच उभा राहून आठवायला लागलो. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. बऱ्याच वेळाने एक गोष्ट सापडली.

"थालीपीठ. खरपूस. वर लोण्याचा गोळा."

"भाजणी संपलीय," सुनंदा म्हणाली. "थांबा, शेजारून वाटीभर मागून आणते."

"नको!" मी इतक्या जोरात म्हणालो की ती दचकली. "नको गं. एवढं तरी माझं राहू दे."