फुकट घेणाऱ्यांची यादी

फुकट्या लोकांविषयी मी पुष्कळ कठोर लिहिले आहे. त्यांच्यात माझी गणना करायची राहून गेली होती, ती आज करतो.

भोरच्या एका शाळेत मी इतिहास शिकवतो. लोकगीतांची ध्वनिमुद्रणे जमवणारे आम्ही पंधरा-वीस जण काही वर्षांपूर्वी एका संगणकीय जाळ्यावर एकत्र आलो. या जाळ्याला मधोमध कोठार असे नाही. प्रत्येकाने आपली गाणी आपल्याच संगणकावर एका फोल्डरमध्ये उघडी ठेवायची आणि ज्याला जे हवे ते त्याने थेट दुसऱ्याच्या फोल्डरमधून उतरवून घ्यायचे, एवढीच रीत. हळूहळू सभासद वाढले आणि बहुतेकांचे फोल्डर रिकामे निघू लागले. लोक येत, गाणे घेत आणि निघून जात. मला याचा संताप येई. माझा संताप मृदू भाषेत व्यक्त होतो, त्यामुळे तो फार लांबतो. मी तीन पानांचे निवेदन लिहिले. ते कोणी पूर्ण वाचले नसावे, कारण ते एकमताने मंजूर झाले.

नियम असा ठरला की जो काहीच देत नाही त्याने रांगेत शेवटी उभे राहावे आणि जो नुसते घेतच राहतो त्याला जाळ्यातून बंद करावे. दर रविवारी तशी यादी काढण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. यादीत वर दाते आणि खाली फुकटे. दात्यांत पहिले नाव माझे असे, कारण मी ठेवलेल्या नऊ धनगरी ओव्या सर्वांत जास्त उतरवल्या जात. एकदा ही यादी मी पत्नीला दाखवली.

"यातली तुम्ही गायलेली कुठली?" तिने भाजी निवडता निवडता विचारले.

संग्राहकाचे कार्य गायकापेक्षा कसे वेगळे असते, हे मी तिला समजावून सांगितले. भाजी निवडून झाली तरी माझे चालूच होते.

पुढे एका रविवारी एक विलक्षण गुन्हेगार सापडला. या सभासदाने मोबाईलवरून एकच ओवी एकोणीस वेळा घेतली होती आणि दिले काहीच नव्हते. मी त्याला बंद केले आणि 'आपण आत्मपरीक्षण करावे' अशी ओळही पाठवली. आठवड्याभराने उत्तर आले ते एका बाईंच्या आवाजात.

"सर, आमाला बंद केलंय व्हय तुमी? म्या मार्गासनीच्या वरल्या वाडीवरनं बोलतीया. त्ये गाणं आमच्या मामांचं, म्हंजी सासऱ्याचं हाय. घशाचं आपरेशन झाल्यापास्नं त्यांचा आवाज गेलाय. फोनात जागा न्हाई. शाळंचं फोटू आलं की गाणं काडावं लागतंय, मंग टेकाडावर रेंजमदी जाऊन परत घ्यावं लागतंय. द्यायला आमच्याकडं काय बी न्हाई, सर. मामा रोज खुणावत्यात, गाणं लाव. काय सांगू त्यास्नी?"

मी तो निरोप तीनदा ऐकला. अकरा वर्षांपूर्वी मी रेकॉर्डर घेऊन त्या वाडीवर गेलो होतो. त्यांची भाकरी खाल्ली, शेळीच्या दुधाचा चहा प्यालो, एका बैठकीत नऊ ओव्या उतरवून घेतल्या आणि पुन्हा तिकडे फिरकलो नाही. गायकाचे नाव विचारायचे मला सुचले नव्हते. जाळ्यावर त्या ओव्यांपुढे 'मूळ स्रोत' म्हणून मी स्वतःचे नाव घातले होते. यंत्राच्या हिशेबी मी दाता आणि ती माणसे फुकटी ठरली होती, आणि यंत्राची मोजणी बिनचूक होती.

बाईंचा मार्ग मी तत्काळ खुला केला. पण फोनमधली जागा त्याने वाढणार नव्हती. म्हणून पुढच्या सुट्टीला मोटारसायकल काढली, कापूरहोळला मेमरी कार्डावर चालणारा लहान स्पीकर घेतला आणि मार्गासनीपर्यंत क्षमायाचनेचा मजकूर मनात घोळवत गेलो. मजकूर चांगला जमला होता. तो कोणी ऐकून घेतला नाही.

"आलं बगा, बंद करनारं सर!" सूनबाईंनी दारातच जाहीर केले.

मामा घोंगडीवर बसले होते. स्पीकरवर ओवी लागली तसे त्यांनी डोळे मिटले. पुरात नदी ओलांडणाऱ्या कळपाची ती कथा होती. शेवटाजवळ त्यांनी एकदम हात वर करून ओवी थांबवली आणि कुजबुजीएवढ्या आवाजात म्हणाले, "हितं चुकलोय म्या. कळप काठाला लागल्याचं कडवं गायचंच ऱ्हायलं. आकरा वरसं मेंढरं पान्यात हुबी हायती."

ही चूक त्यांना डाचत होती, म्हणूनच ते रोज ऐकत होते. ती ओवी मी इतक्या जणांना वाटली आणि कळप पलीकडे पोचलाच नाही, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

राहिलेले कडवे त्यांनी कुजबुजत सुनेला शिकवले होते. तिने संपूर्ण ओवी म्हणायची आणि मी ती उतरवून घ्यायची, असे ठरले. मी रेकॉर्डर लावून मागे सरकलो, तोच मामांच्या मंडळींनी, म्हणजे सूनबाईंच्या सासूने, मला हटकले.

"आवं मास्तर, झील कोन धरनार? गानाऱ्याच्या मागनं शेवटचा शबुद समद्यांनी वडायचा आसतोय. निसतं ऐकायचं आसंल तर वाघरात जाऊन बसा, मेंढरांसंगं."

"मला गाता येत नाही हो."

"आमी कुठं म्हनलं येतं म्हनून?"

सूनबाई गायल्या. मामांच्या मंडळी झील धरत होत्या आणि त्यांच्या मागून मीही, प्रत्येक वेळी थोडा उशिरा आणि बराच खाली. राहिलेल्या कडव्यात कळप काठाला लागला. मामांनी ते ध्वनिमुद्रण दोनदा ऐकले आणि स्वतःच बटण दाबून बंद केले.

आता ते जाळ्यावर, माझ्या संगणकावर उघडलेल्या सूनबाईंच्या फोल्डरमधून, मामांच्या नावाने जाणार होते, म्हणून मी नम्रपणे सुचवले की माझा आवाज वगळून एकदा पुन्हा घेऊ.

मामांनी मान हलवली. "ऱ्हाऊ द्या. पान्यात उतारल्याव मेंढरं बी आशीच वरडत्यात."