पेवात मुरलेली दारू

आमच्या घरात दारूची चव बायका बघायच्या. आम्ही कलाल. भट्टी पुरुष लावायचे, पण त्यांच्या तोंडात सारखी तंबाखू, त्यांना काय कळणार? लग्न होऊन घाटनांदुराजवळच्या त्या गावात आले तशी सासूने मला कामाला लावलं. सकाळी उपाशीपोटी तळहातावर थोडी दारू घ्यायची, चोळायची, वाळली की हुंगायची. मग एक थेंब जिभेवर घेऊन टाळूला लावायचा आणि राखेत थुंकायचा. गिळायचं नाही. वर कोरडी भाकरी चावायची. हे रोजचं. केसांना, लुगड्याला मोहाचा वास. माहेरी गेले की आई म्हणायची, "चुलीपासून लांब बस, पेटशील."

साधी दारू रोज खपायची. मसाल्याची वेगळी. लवंग, वेलदोडे, जायफळ, दालचिनी घालून काढलेली दारू बरणीत भरायची, तोंड मेणाने बंद करायचं आणि वर्षानुवर्षं मुरू द्यायची. गावच्या देशमुखांनी मुलाच्या लग्नासाठी अशी एक बरणी सांगून ठेवली होती. लग्नाच्याच सुमाराला भट्टीचा गुत्ता, म्हणजे सरकारी ठेका, नव्याने द्यायचा होता, आणि आबकारीचा दरोगा देशमुखांचा शब्द मोडत नसे. दारू पसंत पडली तर भट्टी आमची, नाहीतर गाव सोडायचं.

सासऱ्यांनी ही बरणी पेवात ठेवली होती. ज्वारी साठवायच्या त्या खड्ड्यात ऊब असते, दारू लवकर मुरेल, असं त्यांना वाटलं. पेव उघडलं की आतली कोंदलेली हवा निघून जाईपर्यंत आमच्याकडे कोणी आत उतरत नाही. तीच हवा मेणाच्या भेगेतून बरणीत शिरेल, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही.

बरणी वर काढली तेव्हा मला दिवस गेले होते. ओकून ओकून अंगात त्राण उरलं नव्हतं. तरी सासूने हातावर दारू ओतलीच. आधी लवंग आली, मग जायफळ, आणि त्यांच्या मागून दडपलेल्या ज्वारीचा आंबूस वास.

"आत्याबाई, ही बिघडली."

सासूने चाखली. "कावून बिघडली? लई चांगली हाय. तुला सगळ्याचाच वास येतोय. काल दूधबी नासलं म्हनत होतीस."

"ते नासलंच होतं."

सासऱ्यांनी तंबाखू थुंकून हुंगलं. "मला तर कायबी कळंना."

"पुन्हा भट्टीत घालू का?" नवऱ्याने विचारलं.

"घातली तर मुरलेलं सगळं जाईल. आन् देशमुख सरकार आत्ता यायलेत," सासरे म्हणाले.

देशमुख दरोग्याला घेऊन आलेच. मी गोणपाटाच्या पडद्यामागे बसले. भ्यायचंही बळ अंगात राहिलं नव्हतं. गाडीत काय घालायचं आणि काय इथंच टाकायचं, तेवढंच मनात चाललं होतं.

देशमुखांनी घोट घेतला. जिभेवर घोळवला.

"ह्यात काय घातलंय बे?" त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं.

"मसालाच, सरकार."

"न्हाई. मसाल्याच्या मागं काहीतरी हाय."

सासऱ्यांनी मान खाली घातली. "पेवात होती, सरकार."

देशमुखांनी मांडीवर थाप मारली. "तरीच! दरोगासाहेब, घ्या. जुनी दारू अशी लागते. जमिनीचा वास येतो तिला."

दरोग्याने प्यायली. त्याचं तोंड वाकडं झालेलं मला पडद्याच्या भोकातून दिसलं. मग त्याने देशमुखांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बहोत खूब."

गुत्ता आम्हाला मिळाला. सासू आत येऊन म्हणाली, "बघ, मी म्हनलं न्हवतं?" मी तोंडाला पदर लावून उठले. मला ओकायला जायचं होतं.

त्यानंतर देशमुखांना तसलीच दारू लागायची. मग मेणाला मुद्दाम सुईने भोक पाडून बरणी पेवात सोडायची आणि अधूनमधून काढून मी चाखायची. पोटात पोर असो नसो, ताप असो, उपाशीपोटी जिभेवर तो आंबूस थेंब घ्यायचाच. पुरुष पेवाच्या तोंडाशी उभे राहून विचारायचे, "बिघडली का?"

"अजून न्हाई," मी म्हणायचे, आणि ते बरणी पुन्हा खाली सोडायचे.