बंद कोणत्या बगलेत

आमच्या गावात इतिहासाची सगळ्यात जास्त माहिती पाटलांच्या धाकट्या पोराला होती. कारण त्याला मिशा होत्या. मास्तरनं दसऱ्याला नाटक बसवलं, तेव्हा सरदाराचं काम मिशांमुळं त्यालाच मिळालं. नाटक जुन्या काळातल्या एका मराठा सरदाराचं आणि एका बादशहाचं. सरदार कोणता, बादशहा कुठला, हे ज्यानं लिहिलं त्या मास्तरलाही सांगता येत न्हवतं. राज्य निजामाचं, परवानगी अंबडच्या कचेरीतून आणायची, म्हणून शेवटच्या अंकात दोघं एकमेकांना कडकडून मिठी मारत. परवानगी मिळाली, पण दिवे लागायच्या आत नाटक संपवायच्या अटीवर.

पोशाखाचं काम माझ्याकडं आलं. गावात शिंपी होता, त्याच्याकडं मशीनही होतं. पण मास्तर म्हणाला, "इतिहासात मशीन होतं का? सगळं हातानं शिवलेलं पाहिजे." धाकटा मनगटाला घड्याळ बांधून तालमीला यायचा. ते मात्र इतिहासात बराबर बसून राह्यलं होतं.

मी म्हणलं, मजुरी नको. नाटकाच्या आधी मास्तर सगळ्यांचे आभार मानतो, त्यात माझं नाव घ्यायचं. नवऱ्याचं न्हाई, सासऱ्याचं न्हाई, माझं. लगीन होऊन नऊ वर्षं झालती आणि त्या नऊ वर्षांत मला कुणी नावानं हाक मारली न्हवती. मी 'अगं' होते, 'सूनबाई' होते, 'पोरीची आई' होते. माझं नाव चारचौघांत एकदा माझ्या कानानं ऐकायचं होतं, बस्स.

मास्तरनं डोकं खाजवलं. "घरंदाज बाईचं नाव स्टेजवरून कसं घ्यायचं?"

"मंग घरंदाज बाईकडून जामा कसा शिवून घ्यायचा?" मी म्हणलं.

"घेऊ, घेऊ," म्हणत त्यानं काढता पाय घेतला.

जामा म्हणजे छातीला घट्ट आणि कमरेखाली भरपूर घेर असलेला लांब अंगरखा. पुढचा एक पल्ला दुसऱ्यावर घेऊन बगलेखाली बंदानं बांधायचा. शिवण मला येत होती, जरीचं काम न्हाई. ते शेजारच्या मुसलमान मावशीनं शिकवलं, तिला आम्ही खाला म्हणायचो. तिचे वडील हैदराबादेत बड्या लोकांच्या शेरवान्यांवर जर, म्हणजे सोनेरी तार, भरायचे. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या हातावर चापट मारली, कारण मी जर सुईत ओवून मखमलीतून ओढून राह्यले होते.

"नक्को गे! जर को कपड़े में से खींचते क्या? मर जाती वो!"

जर कापडावर नुसती ठेवायची आणि पिवळ्या रेशमाच्या बारीक टाक्यांनी जागच्या जागी बांधत जायची. टाका दिसला की हात कच्चा. लाकडी चौकटीवर मखमल ताणून आम्ही दोघी महिनाभर वेल भरत होतो. बोटांची चाळण झाली. शेवटचं पान झालं तेव्हा खालानं वेलीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "अब्बा देखते तो कुछ नहीं बोलते." तिच्या अब्बांकडून याहून मोठं कौतुक कधी कुणाचं झालं न्हवतं म्हणे. मी तर हवेतच होते दोन दिवस.

बंदाचंही तिनंच सांगितलं. जुन्या काळी जामा सगळ्यांचा सारखाच, पण हिंदू डाव्या बगलेखाली बांधायचे आणि मुसलमान उजव्या. माणूस लांबून ओळखू यायचा. मी तसंच शिवलं. सरदाराचा बंद डावीकडं, बादशहाचा उजवीकडं, आणि मास्तरला, धाकट्याला तसं सांगूनही ठेवलं.

चार दिवस राहिले तेव्हा धाकट्यानं जामा घालून आरशात पाहिलं आणि ओरडला, "वहिनी, हा तर उजवीकडं बांधलाय!"

"भाऊजी, आरशात उलटं दिसतं. बगलेला हात लावून बघा."

"मला डोळे हायेत."

मास्तरला बोलावलं. त्यानंही समोर उभ्या माणसाकडं बघायचं सोडून आरशातच बघून निकाल दिला, "उजवाच. बिलकुल उजवा."

मी म्हणलं, जेवायचा हात वर करा. धाकट्यानं केला. आरशातल्यानं डावा केला. दोन शहाणे आरशाकडं बघून राह्यले, पण डोक्यात उजेड पडेल तर शप्पथ!

"बाईमाणसानं इतिहासात पडू नये," मास्तर म्हणाला. "उसवा."

न्हाई म्हणले असते तर नाव गेलं असतं. म्हणून उसवलं. खालचा पल्ला वर घ्यायचा, वरचा खाली. आणि वेल तर वरच्या पल्ल्यावर, म्हणजे तीही उसवा. मखमलीवरची जर काढली की नुसती भोकं उरतात. रागानं मला रडू फुटलं. खाला आली, भोकं बघितली. "किस गधे ने बोला?" म्हणाली. दोन गधे, मी म्हणलं. मंग ती चौकटीच्या पलीकडं बसली. रात्रीचा दिवस करून चार दिवसांत वेल परत भरली, पण पहिलीची सर आली न्हाई.

दसऱ्याच्या दुपारी मंडपात बाया सगळ्यात मागं. मास्तर आभार मानायला उभा राहिला तशी मी कान टवकारून बसले. त्यानं सतरंज्या देणाऱ्याचं नाव घेतलं. फळ्या देणाऱ्याचं घेतलं. फळ्या ओढून आणल्या त्या बैलांचीसुद्धा घेतली, दोन्हीची. मंग म्हणाला, "आणि पोशाख गावातल्याच एका सद्गृहस्थांच्या घरून." पुढं बसलेल्या माझ्या नवऱ्यानं मान ताठ केली. त्या माणसाला सुईत दोरा ओवता येत न्हाई.

नाटक रडतखडत मिठीपर्यंत आलं. सरदार आणि बादशहा छातीला छाती लावून उभे, आणि दोघांचेही बंद उजव्या बगलेत. अंबडहून बंदोबस्ताला आलेले म्हातारे जमादार खुर्चीतच हसायला लागले. "वाह! सरदार साहब तो हमारे निकले!" बंद कुणाचा कुठं असतो ते त्यांनी शेजारच्यांना सांगितलं, ते रांगेरांगेनं मागं आलं आणि सगळा मंडप खो खो हसत सुटला. धाकट्यानं तेव्हा कुठं आरसा नसताना स्वतःची बगल पाहिली.

मास्तर हात जोडत स्टेजवर धावला. "हुजूर, आमची चूक न्हाई. शिवणाऱ्या बाईनं घोळ घातला."

"कौन बाई?" जमादारांनी डोळे पुसत विचारलं.

मास्तरनं माझं नाव घेतलं. माझं, नवऱ्याचं, आडनाव, सगळं, खणखणीत, मंडपाबाहेरच्यालाही ऐकू जाईल असं. घरंदाज बाईचं नाव घेताना त्याची जीभ एकदासुद्धा अडखळली न्हाई.

सासूनं माझा पदर धरून खाली ओढला. पण तोवर मी उभी राह्यले होते, आणि नाव घेतल्यावर ओ द्यायची असते, ती मी दिली.