जगबुडीवाल्यांचा शेजार

"…अन् फोन गेला थ्या जगबुडीवाल्यायच्या ऑफिसातूनच! केला कोनं, तेही मालूम पडलं मले. थो—"

आणि चक्कीचा पट्टा सुरू झाला. आमच्या गल्लीतल्या शोभाबाईचे ओठ हलत होते, तिच्याजवळच्या बाया तोंडाला पदर लावून ऐकत होत्या, आणि मी नेमकी रांगेच्या टोकाला, ज्वारीचा डबा घेऊन! पुढचं सगळं पिठात गेलं.

फोन म्हणजे कोंबड्यांचा फोन. त्यावर येतेच. पण शेजार असा मिळाला की गोष्टी साचतात हो. मी काही मुद्दाम गोळा करत नाही. भिंत एकच आहे आणि मला कान दोन आहेत! हे लिहिण्याआधी मी त्या ऑफिसातल्या वैशालीला विचारलं. ती म्हणाली, "लिहा काकू, पन नावं बदला." म्हणून नावं बदलली, चक्कीसुद्धा दुसऱ्या गल्लीत नेऊन ठेवली.

*

अमरावतीत आमच्या घराला लागून दोन खोल्यांचं ऑफिस आहे. माणसं दोनच. वैशाली आमच्या दर्यापूरकडची, आणि रोहन पुण्याचा. सामान आलं त्याच दिवशी मी चहा घेऊन गेले. चहा निमित्त. विचारलं, "तुमी करता काय?"

रोहन सरळ बसला. "काकू, साऱ्या जगावर येऊ शकतात अशी मोठी संकटं असतात. साथीचे रोग, अणुयुद्ध, माणसाच्या हाताबाहेर जाणारी यंत्रं. ती येऊ नयेत म्हणून सरकारनं काय नियम करावेत, ते आम्ही सरकारला पटवतो."

"म्हंजे संकट आलं की तुमी धावता?"

"नाही काकू. येण्याआधी."

"मंग नाई आलं, तर थे तुमच्यानं नाई आलं का असंच नाई आलं, हे कसं मालूम पडन?"

रोहननं वैशालीकडे पाहिलं. वैशाली चहात बिस्कीट बुडवत म्हणाली, "नाई मालूम पडत काकू. म्हून तर आमचा सत्कार कोनी करत नाई!"

त्या दिवसापासून गल्लीत त्यांचं नाव पडलं, जगबुडीवाले. कोणी पाडलं ते विचारू नका.

*

एका सोमवारी सकाळी मी भिंतीला लागून कपड्यांच्या घड्या करत होते. (कपाटच तिथे आहे!) पलीकडून वैशालीचा आवाज आला. "सगळं बुडालं. काही वाचलं नाही. आता एकेकानं सांगायचं, का बुडालं?"

माझ्या हातातला टॉवेल पडला. रोहन म्हणाला, "माझ्यामुळे बुडालं. मी उशिरा पोचलो."

मी यांना हाक मारली. आमचे हे एसटीतून रिटायर झालेले, सहसा खुर्ची सोडत नाहीत. पण दोघं चप्पल न घालता धावलो. आत पाहतो तर वैशाली-रोहन पोहे खाऊन राहिले!

ती त्यांची रीत निघाली. कोणतंही काम करायच्या आधी ते फसलंच असं धरून बसायचं, आणि कशानं फसलं ते शोधायचं. पहिला शब्द 'समजा', तेवढाच नेमका माझा ऐकायचा राहिला. त्या दिवशी समजा अकोल्याची मीटिंग फसली होती. मीटिंग पुढच्या आठवड्यात होती!

मला रीत आवडली. पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, जवळ आलं होतं. रात्री जेवताना मी यांना म्हटलं, "समजा साक्षगंध फसलं. काहून फसलं?"

हे भात कालवत म्हणाले, "तुया भावानं तोंड उघडलं."

भावाला फोटो काढायच्या कामाला लावलं. साक्षगंध झकास झालं!

*

अकोल्याच्या त्या मीटिंगचं काय झालं, तेही सांगते. जिल्ह्याच्या एका मोठ्या साहेबांची वेळ मिळाली होती. दोघं सकाळच्या गाडीनं गेले. रोहननं लॅपटॉपवर रंगीत नकाशे काढून नेलेले. दुपार झाली, चार वाजले, साहेब आतच. शेवटी साहेब निघाले ते थेट गाडीत बसायलाच. रोहन लॅपटॉप उघडा धरून गाडीच्या बाजूनं चालू लागला.

"काय आहे?"

"सर, साथीच्या रोगाची पूर्वतयारी…"

"रोग कुठे आहे?"

"अजून नाही सर."

"मग आल्यावर या!"

काच वर गेली. वैशालीनं काचेवर टकटक केलं. काच बोटभर खाली आली. ती म्हणाली, "रोग आल्यावर तुमीच आमाले दारातही उभं राहू नाई देनार साहेब!"

साहेब हसले म्हणे. पुढच्या महिन्यात पुन्हा वेळ दिली, आणि या वेळी खुर्चीवर बसायची!

*

एकदा गावातल्या कॉलेजात रोहनचं भाषण होतं. विचार करणारी यंत्रं आणि त्यांचा धोका. मी पण गेले, पुढच्या रांगेत बसले. रोहन छान बोलला, पण फार घाबरवून बोलला. उद्या ही यंत्रं माणसाचं ऐकणार नाहीत, अर्ज केला तरी दाद देणार नाहीत, कोणाला जबाबदार धरायचं ते कळणार नाही…

मागून एक म्हातारे गृहस्थ उठले. "साहेब, थे मशीन ऐकनार नाई, दाद देनार नाई, अन् जबाबदार कोन थे समजनार नाई?"

"बरोबर काका."

"मंग आमच्या कचेरीत थे कवाचंच बसलं आहे!"

हॉलमध्ये पाच मिनिटं कोणाचंच कोणाला ऐकू आलं नाही. रोहन आणि मी एकाच ऑटोनं परतलो. घराजवळ आल्यावर तो म्हणाला, "काकू, ते काका चुकीचं बोलले असं मला सिद्ध करता येत नाहीये."

*

आता कोंबड्या.

एवढ्या सगळ्या संकटांत वैशाली एकाच मागणीला चिकटून होती. पोल्ट्रीत कोंबड्या पटापट मरायला लागल्या, तर खबर देणाऱ्याचं नाव सरकारनं कोणालाही सांगू नये. कागदावरसुद्धा येऊ नये. बस्स, एवढंच!

मी म्हटलं, "जगबुडी थांबवाले निंगाली अन् कोंबडीपाशी अटकली?"

ती हसली नाही. म्हणाली, "काकू, आमच्याकडे एका मानसानं खबर देली होती. त्याच्या कोंबड्या मारल्या, अन् नियमानं आजूबाजूच्या शेडातल्याही मारल्या. गावानं त्याच्याशी बोलनं सोडलं. त्याच्या पोरीच्या लग्नात पंगती मांडल्या, जेवाले गावातलं कोनी नाई. मंग पुढच्या खेपेले कोनं खबर द्यावी? खड्डा खनला अन् गुपचूप पुरल्या. थे बरं, त्या खेपेले मानसाले काई झालं नाई. पन एखाद्या खेपेले हा रोग कोंबडीतून मानसात आला, अन् मानसातून मानसात जायाले शिकला, तर…"

पुढचं वाक्य तिनं केलंच नाही. दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची मला सवय आहे. त्या दिवशी मीही नाही केलं.

*

मग उन्हाळ्यातली ती दुपार. रोहन अकोल्याला गेलेला. वैशाली आमच्या मागच्या दारात आली. चेहरा उतरलेला.

"काकू, चहा करता? जरा गोड. अन् आत आलं की, पाह्यलं तरी पाहू नोका."

मी चहा घेऊन गेले. आत एक माणूस बसलं होतं, तोंडाला दुपट्टा बांधून. बाई की बाप्या, तेही मी सांगत नाही. पायाला भुस्सा चिकटलेला. मी बशी पुढे केली. चहा प्यायला दुपट्टा खाली करावा लागतो. तो खाली झाला, आणि मी ओळखलं.

डोळ्यांनीच मला विनवलं. मी मान हलवली.

वैशालीनं ऑफिसच्या फोनवरून नंबर लावला आणि रिसीव्हर पुढे धरला. "तुमीच बोला. मी बोलली तर थे ऐकीव होते."

पलीकडून "हॅलो, हॅलो" येत होतं. मग एकदम शब्द फुटले. "साहेब, कोंबड्या मरून राहिल्या. सकाळपासून. आमच्याकडच्या पोराले ताप बी आहे."

मी बशी खाली ठेवली आणि फोन होईपर्यंत दार धरून उभी राहिले.

*

गाडी आली, पांढरे कपडे घातलेले लोक आले. नमुने गेले. बर्ड फ्लूच निघाला. बार्शीटाकळीकडचं गाव समजा, नाही तर दर्यापूरकडचं समजा. त्या शेडातल्या कोंबड्या मारून पुरल्या, आजूबाजूच्या शेडांतल्याही. आमच्या शोभाबाईच्या दिराचं शेड त्यातच गेलं.

पण तापानं फणफणलेल्या त्या पोराचा रिपोर्ट यायचा होता. तो दवाखान्यात वेगळ्या खोलीत, त्याची माय काचेबाहेर. भिंतीपलीकडून आवाजच येईना. सोमवार आला. मी कपाटाशी जाऊन उभी राहिले, या वेळी मुद्दाम. काहीच नाही. शेवटी पोहे घेऊन मीच गेले.

"आज 'समजा' नाई का व?"

वैशाली टेबलाकडे पाहत म्हणाली, "आज समजा म्हनवत नाई काकू."

पोहे तसेच राहिले.

पोराचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. साधा ताप होता! वैशालीनं फोन ठेवला, मोरीत गेली आणि नळ सोडला. नळ खूप वेळ चालू होता. पाणीटंचाईचे दिवस होते, तरी मी काही बोलले नाही.

*

त्यानंतर अकोल्याची खुर्चीवर बसायची मीटिंग. तिथून परत आल्यावर रोहन आमच्या ओट्यावर बसला आणि डोकं धरलं.

"काकू, साहेब तयार होते. म्हणाले, नाव झाकलं तर लोक खबर देतात हे मला दाखवा. बार्शीटाकळीचा फोन कोणी केला, तेवढं सांगा. त्या माणसाशी मी एकदा बोलतो आणि सही करतो. मला नाव माहीत नाही, मी त्या दिवशी इथे नव्हतो. मी चिठ्ठी सरकवली वैशालीकडे, 'सांग' म्हणून."

"मंग?"

"ती म्हणाली, 'साहेब, नाव सांगितलं की मागणी इथंच मेली.' साहेबांनी फाईल मिटली. एक नाव, काकू! एक नाव सांगितलं असतं तर सगळ्या जिल्ह्याला नियम झाला असता!"

वैशाली पायरीवर चपला काढत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पण नाव जाणत होते, हे तिला ठाऊक. मी म्हटलं, "पानी देऊ का?"

आठ-दहा दिवसांनी साहेबांचा फोन आला. लेखी काही नाही. पण हाताखालच्या लोकांना तोंडी सांगितलंय म्हणे, यापुढे खबर देणाऱ्याचं नाव विचारू नका. वैशालीला एवढ्यावर थांबायचं नाही. ती लेखीच्या मागे आहे.

*

आता परत चक्कीवर चला. मी रांगेच्या टोकाला, आणि पट्टा एकदाचा थांबला.

"काय म्हनत होती व शोभा?" मी विचारलं. "फोन कोनं केला?"

"अव, थ्या रोहननं! पुन्याचं पोट्टं! त्याले काय मालूम कोंबडी कशी पाळतेत थे? माह्या देराचं शेड साफ झालं. पोटच्या पोरायवानी पाळल्या होत्या त्यानं!"

ऑफिस बरोबर होतं. माणूस चूक होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागे डब्याचं झाकण वाजलं. रोहन दारात उभा, हातात गव्हाचा डबा. सगळं ऐकलेलं.

चक्कीवाल्याचा हात खटक्यावर तसाच. शोभाबाई रोहनच्या समोर जाऊन उभी राहिली. तिचा दीर तापट, हे सगळ्या गल्लीला माहीत. आणि रोहनला एवढंच म्हणायचं होतं, की मी नाही. तो खरं तेच बोलला असता.

"तूनं केला का रे फोन?"

रोहननं डबा खाली ठेवला.

"हो काकू. मीच केला."

शोभाबाईनं त्याला खालून वर पाहिलं. हात उचलते की काय, असं मला वाटलं. तिनं डोळे पुसले, आपला डबा उचलला आणि झाकण न लावताच निघून गेली.

परत येताना मी आणि रोहन बरोबरच चाललो. दोघांचेही डबे गरम. गल्लीच्या वळणावर तो हळूच म्हणाला, "काकू, त्या दिवशी चहा तुम्ही दिला होता ना? खरं कोणी केला हो फोन?"

मी डबा दुसऱ्या कडेवर घेतला.

"मले काय मालूम बाप्पा!"