पुंडलिकअण्णांचे छप्पर आणि माझे एक वाक्य

जोयड्याच्या कचेरीबाहेर, जेथे मी लोकांचे अर्ज लिहून देतो, एका अर्जाचा मसुदा योजीत असता रामनगरच्या बसमधून दत्तू उतरला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "अण्णा गेलं," एवढेच तो म्हणाला. या गोष्टीस आज सहा आठवडे होत आहेत. कै. पुंडलिकअण्णा सुतार यांच्याविषयी लिहिण्यास माझ्याइतका अधिकारी पुरुष या तालुक्यात दुसरा नाही. त्यांच्या मरणास कोण कारण झाले हे सांगण्यासही नाही.

सुपा धरणाच्या पाण्यात ज्यांची गावे गेली ते आम्ही लोक रामनगरात येऊन वसलो. बायकांना चूल, पाणी, मुले होती. पुरुष मात्र शेताविना, रानाविना दिवसभर रस्त्याकडे पाहत बसू लागले. काही गुत्त्याकडे वळले. तेव्हा अण्णांनी रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेत गवती छप्पर घातले. नियम एकच, रिकाम्या हाताने बसायचे नाही. कुणी कोयत्याची मूठ तासावी, कुणी खाट विणावी, काहीच न येणाऱ्याने करवतीचे दुसरे टोक धरावे. अण्णा कुणाला दुःख विचारीत नसत. नजर लाकडावर असली की माणूस आपण होऊन बोलतो, असे त्यांचे म्हणणे. घर बुडाल्यापासून दत्तू वर्षभर गप्प होता. एके दुपारी करवत ओढता ओढता तो एकाएकी म्हणाला, "आमच्या दारातला फणस पाण्यात उभाच हाय अजून." कुणी मान वर केली नाही. अण्णांनी फक्त विचारले, "कापा व्हता का बरका?" आणि दत्तू हसला... मी तेथे होतो.

जागा एका शेटची. त्याचे नाव छापून त्यास मोठेपणा देण्याची माझी इच्छा नाही. त्याच्या दिवंगत वडिलांनी ती अण्णांना तोंडी दिली होती. कागदाविना काही टिकत नाही या माझ्या ज्ञानास अनुसरून, जागा कायम मिळावी असा अर्ज शेटला करण्याचा आग्रह मी धरला. "कशाला रायटर? थोरल्या शेटचा शबुद हाय न्हवं," अण्णा म्हणाले. मी ऐकले नाही. येथील कचेऱ्यांच्या भाषेत, म्हणजे उत्तम कानडीत, अर्ज लिहिला आणि अखेरीस, वीस वर्षे प्रत्येक अर्जात घालीत आलो ते विनयाचे वाक्य घातले : आपली आज्ञा होताच जागा सोडण्यास आम्ही बांधील आहोत. ज्यांना कानडी वाचता येत नव्हते त्यांनीही माझ्या भरवशावर अंगठे उठवले.

आठ दिवसांनी शेटने तोच कागद अण्णांपुढे धरला आणि त्याच सकाळी छप्पर उतरवले. ते वाक्य निव्वळ शिष्टाचाराचे आहे हे त्यास पक्के ठाऊक होते. त्याच्या वडिलांचे अर्ज मीच लिहीत असे. माणसे पुन्हा पांगली. दत्तूची वाचा पुन्हा बसली. अण्णा बसस्टँडवर दोन्ही तळहात मांडीवर उताणे टाकून बसत. मला ते एकदाही टाकून बोलले नाहीत... बोलले असते तर बरे झाले असते. पावसाळ्यात तापाचे निमित्त झाले.

बाराव्याला शेट नारळ घेऊन आला. मी तो घेतला नाही. क्षमा करणारे थोर असतील. मी त्यांपैकी नाही, आणि माझ्या पापाचा अर्धा वाटा मी त्यास मुळीच माफ करणार नाही.

त्याच दिवशी मी माझी पडवी मोकळी केली. आता माणसे तेथे जमतात. समोरच, छपराच्या जागी, शेटचे नवे दुकान उभे आहे. त्यास अद्याप दार नाही. रामनगरात दार घडवणारे जितके हात, तितके अण्णांनीच तयार केलेले. एकही त्या उंबऱ्याला लागत नाही. शेट गोणपाट बांधून दुकान झाकतो. परवा तो स्वतः पडवीच्या पायरीशी आला आणि दाराचे तेवढे बघा म्हणाला. दत्तू अण्णांचा रंधा चालवीत होता. त्याने तो थांबवला नाही.

"अर्ज करा, शेट," तो म्हणाला. "शेवटचं वाक्य रायटर घालतील."